भुलीच्या डॉक्टरांची शाळा आणि आपले सिकलचे कार्ड

ऑपरेशनची तारीख ठरली की आपल्या घरात दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला, "ऑपरेशन करणारा डॉक्टर चांगला आहे ना?" दुसरा, "भुलीतून माणूस परत उठेल ना?" पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आपण दहा जणांना विचारतो. सर्जनचे नाव, गाव, हात कसा आहे, सगळी माहिती काढतो. दुसरा प्रश्न ज्याच्या हाती असतो, त्या भूलतज्ज्ञाचे मात्र नावही आपल्याला ठाऊक नसते. तो आदल्या दिवशी खाटेजवळ येतो, पाच-दहा प्रश्न विचारतो, तोंड उघडायला लावतो, कागदावर काही लिहितो आणि जातो. आपणही "हो", "नाही" म्हणून मोकळे होतो.

ते पाच-दहा प्रश्न नेमके कोणते, हे शिकायला त्या डॉक्टरने काही वर्षे वर्गात, थिएटरमध्ये आणि परिषदांमध्ये घालवलेली असतात. पवनी, अड्याळ, आसगाव, कोंढा भागातल्या आपल्या वस्त्यांचा त्या शिक्षणाशी थेट संबंध आहे. त्यातला एक धडा आपल्याच रक्ताविषयी आहे. तो म्हणजे सिकलसेल. डॉक्टर कितीही शिकलेला असो, आपण माहिती दडवली तर त्याचे शिक्षण आपल्या कामी येत नाही. म्हणून भुलीचे डॉक्टर काय शिकतात आणि आपण त्यांना काय सांगायचे, हे दोन्ही एकत्र समजून घेऊ.

शिकल्याशिवाय भूल नको, हे जगाला कसे कळले

१६ ऑक्टोबर हा दिवस आपण चंद्रपूरच्या १९५६ सालच्या दीक्षा सोहळ्यासाठी ओळखतो. जगभरचे भूलतज्ज्ञ हाच दिवस भूल दिन म्हणून पाळतात. १८४६ साली या तारखेला अमेरिकेतील बोस्टन शहरात विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथरची वाफ हुंगवून एका रुग्णाला गुंगी आणली आणि सर्जनने त्याच्या मानेवरची गाठ काढली. त्याआधी ऑपरेशन म्हणजे चार माणसांनी रुग्णाला दाबून धरायचे आणि डॉक्टरने घाईघाईने कापायचे, असा प्रकार होता. ही बातमी बोटीने भारतात पोचली आणि २२ मार्च १८४७ रोजी कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात ईथर वापरले गेले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात एडिनबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणले. ते वापरायला सोपे होते, म्हणून झपाट्याने पसरले.

पण २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म देताच काही मिनिटांत दगावली. ऑपरेशन होते फक्त पायाच्या बोटाचे नख काढण्याचे. औषध तेच, पण कोणाला किती द्यायचे, देताना कुठे लक्ष ठेवायचे, हे नीट शिकलेले कोणी नव्हते. यावर पुढे पुष्कळ वाद झाले. आपल्याकडे हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली निजामाच्या खर्चाने क्लोरोफॉर्मची तपासणी करणारे दोन आयोग बसले. त्याच काळात हैदराबादेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी क्लोरोफॉर्म देण्याचे काम करत होत्या. जगातल्या सुरुवातीच्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. भूल देणे हे कंपाउंडरने जाता-जाता करायचे काम नाही, त्याला वेगळे शिक्षण हवे, हे असे हळूहळू पक्के होत गेले. १९४७ साली भारतातल्या भूलतज्ज्ञांनी आपली संघटना स्थापन केली, इंडियन सोसायटी ऑफ ॲनेस्थेसिऑलॉजिस्ट्स.

तीन वर्षांचा वर्ग

आज भूलतज्ज्ञ व्हायचे तर आधी एमबीबीएस करावे लागते. साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. मग नीट-पीजी परीक्षा. त्यानंतर बधिरीकरणशास्त्र विभागात तीन वर्षांचे एमडी किंवा डीएनबी, नाहीतर दोन वर्षांचा डिप्लोमा. नागपूरचे मेडिकल आणि मेयो, सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान ही या शिक्षणाची आपल्याला जवळची ठिकाणे.

या काळात विद्यार्थी डॉक्टरचा बहुतेक वेळ थिएटरमध्ये जातो, पण नुसते बघून हे शास्त्र येत नाही. त्यासाठी ठरलेले वर्ग असतात. सेमिनारमध्ये एक विद्यार्थी एखादा विषय पूर्ण वाचून येतो आणि सगळ्यांसमोर मांडतो, आणि गुरुजन त्याला अडवून प्रश्न विचारतात. केस चर्चेत खऱ्या रुग्णाची माहिती समोर ठेवून "तुम्ही या बाईला भूल कशी द्याल?" असे विचारले जाते. यंत्राच्या वर्गात भुलीचे मशीन खोलून दाखवतात. ऑक्सिजनचा सिलिंडर संपला तर काय, नळी निसटली तर काय, हे तिथे शिकवतात. रबरी पुतळ्यावर श्वासनळीत नळी घालण्याचा सराव होतो, म्हणजे पहिला चुकलेला हात माणसावर पडत नाही. जर्नल क्लबमध्ये जगात कुठे तरी झालेले नवे संशोधन वाचून त्याची चिरफाड करतात.

यात सर्वांत जड वर्ग असतो मृत्यू-आढाव्याचा. एखादा रुग्ण दगावला किंवा मरता-मरता वाचला, तर ती केस पहिल्या मिनिटापासून पुन्हा मांडली जाते. कुठे उशीर झाला, कोणता प्रश्न विचारायचा राहिला, रक्त वेळेवर का आले नाही, हे सगळे बाहेर काढायचे, म्हणजे पुढचा रुग्ण वाचेल. अशा आढाव्यात वारंवार सापडणारी एक गोष्ट म्हणजे रुग्णाची आधीची माहिती डॉक्टरपर्यंत पोचलीच नव्हती. आपला संबंध येतो तो इथे.

सिकलसेलचा धडा

सिकलसेल हा विदर्भातल्या आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात मोठ्या प्रमाणात आढळणारा रक्ताचा आजार आहे, हे आता वस्तीत सर्वांना माहीत आहे. १९५८ साली शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलविषयी 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, तेव्हापासून या भागाचे नाव वैद्यकीय पुस्तकांत येते. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन्ही जीन सिकलचे आले तर मूल रुग्ण होते, त्याला आपण 'एसएस पॅटर्न' म्हणतो. एकच आला तर ते वाहक, म्हणजे 'एएस पॅटर्न'.

भुलीच्या वर्गात हा आजार का शिकवतात? एसएस रुग्णाच्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचिक असतात. पण रक्तात ऑक्सिजन कमी झाला, अंगातले पाणी कमी झाले, शरीर गार पडले किंवा रक्तातले आम्ल वाढले, की त्या विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. आता ऑपरेशनचा दिवस आठवा. माणूस रात्रीपासून उपाशी आणि तहानलेला. थिएटरमधला एसी थंडगार. अंगावर पातळ चादर. भूल दिल्यावर श्वास मंद. ऑपरेशननंतर दुखण्यामुळे माणूस खोल श्वासही घेत नाही. म्हणजे पेशींना विळा व्हायला लागणारी सगळी कारणे एकाच दिवशी, एकाच टेबलावर जमा होतात. मग ऑपरेशन नीट होऊनही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छातीत दुखणे, ताप, दम लागणे सुरू होते. फुफ्फुसात होणारा हा प्रकार जीवघेणा ठरू शकतो.

आणि सिकलच्या रुग्णाला ऑपरेशनची वेळ इतरांपेक्षा जास्त येते. पित्ताशयात खडे होतात, खुब्याचे हाड झिजते, कधी प्लीहा काढावी लागते. बाळंतपणात सीझरची पाळी येऊ शकते.

म्हणून वर्गात शिकवले जाते, की असा रुग्ण आला तर त्याला तहानलेला ठेवू नका, सलाईन वेळेवर लावा आणि कोमट करून द्या, अंग गरम ठेवा. ऑक्सिजन ऑपरेशननंतरही चालू ठेवा. दुखणे नीट आवरा. हातापायाचे ऑपरेशन असेल तर रक्त थांबवणारा घट्ट पट्टा बांधण्याआधी दोनदा विचार करा. रक्ताची सोय आधी करा. यातली बहुतेक कामे स्वस्त आहेत आणि साध्या दवाखान्यातही होऊ शकतात. पण त्यासाठी डॉक्टरला आधी कळले पाहिजे की समोरचा माणूस एसएस आहे.

एक संशोधन वर्गात कसे वाचतात

ऑपरेशनच्या आधी सिकलच्या रुग्णाला रक्त द्यावे का, या एका प्रश्नावर डॉक्टरांत वर्षानुवर्षे वाद होता. १९९५ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भरपूर रक्त बदलून देणे आणि हिमोग्लोबिन १० पर्यंत येईल इतकेच रक्त देणे, अशा दोन पद्धतींची तुलना केली होती. साध्या पद्धतीचा उपयोग तितकाच झाला आणि रक्त दिल्यामुळे होणारे त्रास जवळपास निम्मे झाले. मग प्रश्न निघाला, की रक्त दिलेच नाही तर? त्यावर २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये दुसरा अभ्यास आला. ज्यांना ऑपरेशनआधी रक्त दिले नव्हते, अशा ३३ रुग्णांपैकी १३ जणांना ऑपरेशननंतर त्रास झाला. ज्यांना दिले होते, अशा ३४ पैकी ५ जणांनाच झाला.

जर्नल क्लबमध्ये विद्यार्थी हे आकडे पाठ करून सुटत नाही. त्याला विचारतात, रुग्ण इतके थोडे का? ऑपरेशने कोणत्या प्रकारची होती? हे निष्कर्ष आपल्या रुग्णाला लागू पडतात का? भारतात आढळणाऱ्या सिकलचा जीनप्रकार आफ्रिकी वंशाच्या बहुतेक रुग्णांपेक्षा वेगळा आहे. आपल्याकडच्या अनेक रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त उरते, त्यामुळे काहींचा आजार सौम्य राहतो. तरीही विदर्भात तीव्र त्रासाचे रुग्ण आहेतच, हे आपण घराघरांत पाहतो. म्हणून शहाणा शिक्षक सांगतो, पुस्तक वाचा, पण समोरच्या रुग्णाला किती वेळा ॲडमिट व्हावे लागले, रक्त किती वेळा चढवले, हेही विचारा. या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही. ते फक्त आपल्या घरात आहे.

खर्रा, तोंड आणि श्वासनळी

"आ करा" असे भुलीचे डॉक्टर का म्हणतात, हा अनेकांना पडणारा प्रश्न. पूर्ण भूल देताना तोंडातून श्वासनळीत नळी घालावी लागते. तोंड किती उघडते आणि जीभ बाहेर काढल्यावर घशाचा मागचा भाग किती दिसतो, यावरून ते काम सोपे की अवघड याचा अंदाज येतो. ही पाहण्याची पद्धत १९८५ साली डॉ. शेषगिरी मल्लमपट्टी यांनी मांडली. ते मूळचे आंध्रचे आणि बोस्टनमध्ये भूलतज्ज्ञ होते. आज जगातल्या प्रत्येक भुलीच्या वर्गात त्यांचे नाव शिकवले जाते.

आपल्याकडे यात खर्रा आडवा येतो. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा वर्षानुवर्षे गालात धरला की गालाची आतली कातडी कडक होते आणि तोंड उघडेनासे होते. आपल्याच हाताची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे घरी करून पाहा. जात नसतील तर दात-तोंडाच्या डॉक्टरला दाखवाच, आणि ऑपरेशनच्या वेळी ही गोष्ट आपणहून सांगा. अशा रुग्णाला झोपवण्याआधीच वेगळी तयारी करावी लागते, कधी जागेपणी नाकातून दुर्बिणीच्या मदतीने नळी घालावी लागते. ही तयारी आधी असेल तर धोका पुष्कळ कमी होतो. झोपवल्यानंतर कळले तर एकेक सेकंद जड जातो.

बोटाला लावायची चिमटी

कोरोनाच्या काळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आपल्या घराघरांत आले. त्यामागचे शास्त्र जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधले आणि भूलतज्ज्ञांच्या हातात ते सर्वांत उपयोगी साधन ठरले. पण हे यंत्र काय सांगते आणि काय सांगत नाही, हेही वर्गात शिकवावे लागते. समजा, रस्त्यावरच्या सगळ्या बैलगाड्या धानाच्या पोत्यांनी भरलेल्या आहेत. यंत्र म्हणेल, १०० पैकी ९८ भरलेल्या. पण गावात गाड्याच मोजक्या असतील तर घरी धान येणार किती? रक्त कमी असलेल्या बाईचे तसेच होते. चिमटी ९८ दाखवते, पण हिमोग्लोबिन ६ असेल तर शरीराला मिळणारा ऑक्सिजन अपुराच. म्हणून ऑपरेशनआधी रक्त तपासायला सांगितले तर "बोटाला लावून पाहिले ना, मग कशाला?" असे म्हणू नका.

२०२० साली अमेरिकेत आणखी एक गोष्ट प्रसिद्ध झाली. काळ्या त्वचेच्या रुग्णांमध्ये ही चिमटी ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवण्याची चूक गोऱ्यांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा करते. यंत्राला भेदभाव कळत नाही, पण यंत्र बनवताना कोणाचे बोट समोर धरले होते, त्यावर त्याचा खरेपणा ठरतो. सावळ्या माणसांच्या देशात शिकणाऱ्या डॉक्टरला हे माहीत असलेच पाहिजे.

परिषदेत काय होते

डॉक्टर "कॉन्फरन्सला गेलेत" असे ऐकले की आपल्याला वाटते, फिरायला गेले. काही प्रमाणात तेही असेल. पण चांगल्या परिषदेत खरे काम होते. भूलतज्ज्ञांच्या संघटनेची दरवर्षी राष्ट्रीय परिषद भरते, तिला 'इसाकॉन' म्हणतात. महाराष्ट्राची वेगळी असते. तिथे विद्यार्थी डॉक्टर आपल्या रुग्णालयातल्या अवघड केस पोस्टरवर मांडतात, निबंध वाचतात, आणि दुसऱ्या गावचे अनुभवी डॉक्टर त्यांना उभे-आडवे प्रश्न विचारतात. सोबत कार्यशाळा असतात. कुठे सोनोग्राफीच्या मदतीने हाताची किंवा पायाचीच नस बधिर कशी करायची ते शिकवतात, कुठे अवघड श्वासनळीचा सराव होतो.

नोंदणीकृत डॉक्टरांनाही शिक्षण संपवता येत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणीचे नूतनीकरण करायचे तर पाच वर्षांत ३० क्रेडिट तास भरावे लागतात, ते अशा व्याख्यानांतून आणि परिषदांतून मिळतात.

या परिषदांतून नियम तयार होऊन गावापर्यंत पोचतात. २०१६ साली भारतातल्या तज्ज्ञांनी अवघड श्वासनळीसाठी आपल्या देशाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. नळी घालताना नाकातून ऑक्सिजन चालू ठेवा, आणि जमत नसेल तर हट्टाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका, असे त्यात बजावले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली १९ मुद्द्यांची सुरक्षित शस्त्रक्रियेची यादी आणली. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्णाला थिएटरबाहेर नेण्याआधी, असे तीन वेळा थांबून ती मोठ्याने वाचायची असते. थिएटरमध्ये नेल्यावर "तुमचे नाव काय, कशाचे ऑपरेशन आहे, कोणत्या बाजूचे?" असे पुन्हा विचारले तर चिडू नका. डॉक्टर विसरला म्हणून विचारत नाही, त्या यादीप्रमाणे विचारतो.

"आमच्या माणसावर शिकतात का?"

हा प्रश्न आपल्या वस्तीत दबक्या आवाजात विचारला जातो. त्याचे सरळ उत्तर असे: हो, सरकारी रुग्णालयात शिकणारे डॉक्टर भूल देतात. जगातल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात देतात. प्रश्न इतकाच, की त्यांच्या पाठीशी वरिष्ठ डॉक्टर उभा आहे की नाही. शिक्षणाचा नियमच असा आहे की विद्यार्थ्याने वरिष्ठाच्या देखरेखीखाली काम करावे आणि आपल्या नोंदवहीत ते लिहावे.

गरीब माणूस म्हणून आपण विचारू शकत नाही, असे मात्र समजू नका. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली. माहिती मिळणे आणि समजून-उमजून संमती देणे, हे त्यातले मूळ हक्क आहेत. "मॅडम, भूल कोण देणार? वरिष्ठ डॉक्टर थिएटरमध्ये असतील ना? पूर्ण भूल आहे की कमरेतून?" असे नम्रपणे पण स्पष्ट विचारा. संमतीपत्रावर अंगठा किंवा सही करण्याआधी ते आपल्या भाषेत वाचून दाखवायला सांगा. जो डॉक्टर चांगल्या वर्गातून आला आहे, तो या प्रश्नांनी रागावत नाही.

शिकणारे डॉक्टर जिल्ह्यात

रात्री-अपरात्री बाळंतीण अडली आणि "भुलीचे डॉक्टर नाहीत, पुढे न्या" असे ऐकावे लागले, हा ग्रामीण भागातला जुना अनुभव आहे. पवनीहून भंडारा किंवा नागपूर गाठेपर्यंत गेलेला वेळ परत मिळत नाही. यावर शिक्षणाच्या अंगाने काही उपाय झाले आहेत. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात एमबीबीएस डॉक्टरांसाठी जीवरक्षक भुलीचे प्रशिक्षण सुरू झाले, सुरुवातीला ते १८ आठवड्यांचे होते. असा डॉक्टर तज्ज्ञ होत नाही, पण अडलेल्या बाळंतिणीच्या सीझरसाठी भूल देऊ शकतो. २०२० च्या नियमानुसार एमडी करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयाच्या व्यवस्थेत काम करावे लागते. त्याच वर्षी जिल्हा रुग्णालयांसारख्या ठिकाणी भूलशास्त्रासह काही विषयांचे दोन वर्षांचे डिप्लोमा सुरू करण्याची वाट मोकळी झाली. आणि २०२४ साली भंडाऱ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले.

त्या वर्गात आपलीही मुले-मुली बसली पाहिजेत. १९९० च्या कायदा-दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, आणि त्यानंतर वस्तीतून डॉक्टर होणाऱ्यांची वाट रुंद झाली. एमबीबीएस करणाऱ्या मुलाला घरचे म्हणतात, "सर्जन हो, नाव होईल." भूलशास्त्राचाही विचार करायला सांगा. घाबरलेल्या आजीला तिच्याच बोलीत "मायबाई, भिऊ नको" म्हणून सिकलची चौकशी करणारी डॉक्टर या भागाला हवी आहे.

भुलीच्या डॉक्टरला हे सांगाच

१. सिकलसेलची तपासणी झाली आहे का? एसएस की एएस? कार्ड किंवा रिपोर्ट सोबत ठेवा. एएस वाहकाला भुलीचा सहसा वेगळा त्रास होत नाही, तरीही सांगा. एसएस रुग्णाने आधी किती वेळा ॲडमिट झालो, रक्त किती वेळा आणि कधी चढवले, हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे का, हेही सांगावे.

२. याआधी भूल दिली होती का? तेव्हा काही त्रास झाला का? घरात कोणाला भुलीत गंभीर त्रास झाला होता का?

३. दमा, बीपी, शुगर, फिट, हृदयाचा आजार. रोजच्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. कोणती गोळी चालू ठेवायची आणि कोणती बंद करायची, हे डॉक्टरच ठरवतील.

४. कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठते किंवा सूज येते का?

५. खर्रा, बिडी, दारू. लाज न बाळगता खरे सांगा. डॉक्टर कोणाला सांगायला जात नाहीत.

६. हलणारा दात किंवा कवळी.

७. शेवटचे कधी खाल्ले, कधी पाणी प्यायले? साधारणपणे हलक्या जेवणानंतर सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास पोट रिकामे ठेवतात. पण आपल्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळच पाळा. "एक कप चहाने काय होते" म्हणून गुपचूप देऊ नका, झोपेत तो फुफ्फुसात जाऊ शकतो. सिकलचा रुग्ण असेल तर उलट विचारा, "पाणी किती वाजेपर्यंत देता येईल? नंबर उशिरा लागला तर सलाईन लावाल ना?"

कार्ड पेटीतून बाहेर काढा

शेवटी एक अवघड गोष्ट. अनेक घरांत सिकलचे कार्ड कपाटाच्या तळाशी लपवलेले असते. पोरीचे लग्न जमणार नाही, सोयरे मागे हटतील, अशी भीती असते. "जुनी गोष्ट हाये, कायले सांगाची?" असे म्हणून सासरी आणि दवाखान्यातही ती दडवली जाते. ही भीती खोटी नाही. पण सीझरच्या टेबलावर पडलेल्या लेकीच्या रक्ताला हे गुपित माहीत नसते. ऑक्सिजन कमी झाला की पेशी विळा होणारच. तीन वर्षे शिकलेला डॉक्टर तिच्या उशाशी उभा असेल, पण त्याला कोणी सांगितले नसेल तर तो तिला इतर रुग्णांसारखीच भूल देईल.

लग्नाच्या बोलण्यात दोघांचेही पॅटर्न पाहणे चांगलेच, म्हणजे पुढच्या पिढीत एसएस मूल जन्मणार नाही. पण ज्यांचे लग्न झाले, ज्यांना मुले झाली, त्यांनी आता लपवून काय मिळवायचे? १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे आणि महाराष्ट्रात त्याआधीपासून सरकारी दवाखान्यांत तपासणी होते. ज्यांची झाली नसेल त्यांनी ग्रामीण रुग्णालयात किंवा आशाताईंकडे चौकशी करावी. महिला मंडळाने विहारात एक बैठक घ्यावी आणि प्रत्येक घराने आपापली कार्डे एकदा पाहून ठेवावीत. कोणाचा पॅटर्न काय आहे, हे बैठकीत जाहीर करण्याची गरज नाही. फक्त कार्ड कुठे आहे हे घरातल्या दोन माणसांना माहीत असावे, आणि १०८ ची गाडी दारात आली की ते आधारकार्डासोबत पिशवीत जावे.

मग भुलीचे डॉक्टर खाटेजवळ येऊन विचारतील, "काही आजार आहे का?" तेव्हा "काही नाही" म्हणू नका. कार्ड त्यांच्या हातात द्या.